वासाचा फाटा

शेळगाव,
८ जानेवारी २०२४

मा. व्यवस्थापक, सावळाराम टॅनरी, बारामती-इंदापूर रस्ता, यांस
अर्जदार : समाधान तात्याबा मारकड, रा. शेळगाव, ता. इंदापूर
विषय : ओढ्यात घाण पाणी सोडल्याबाबत

महोदय,

वरील विषयास अनुसरून अर्ज करतो की, आपल्या कारखान्याचे पाणी आमच्या वस्तीशेजारच्या ओढ्यात येते. सदर पाण्यास नासक्या अंड्याचा वास असतो. ते कधी पांढरे येते, कधी हिरवे. माझ्या मेंढ्या सदर पाण्यास तोंड लावत नाहीत. काठच्या मक्याची पाने करपली. माझी आई सारजाबाई हिचे पाय ओढ्यातून गेले की खाजतात.

हितवर मी नीट लिहिलं. आता साहेब, जे झालं ते झालं तसं सांगतो. काल माझी बहीन प्रतिक्षा हिला बघायला फलटनचे पाहुने आले हुते. चहा चालू असताना वारा फिरला. आधी पोराच्या मामानं नाकाला रुमाल लावला. मग पोराच्या आईनं पदर लावला. मग पोरगा "जरा फोन आलाय" म्हनून बाहेर गेला. बाहेर तर वास जास्त! तो तसाच गाडीत जाऊन काचा वर करून बसला. बघता बघता अंगनात कोन राहिलं न्हाय. मामाची एक चप्पल आमच्याकडंच हाय. न्यायला या म्हनून फोन केला, तर म्हनले राहू द्या.

प्रतिक्षा हसून हसून गडाबडा लोळली, कारन तिला लगीन नकोच हाय, नर्सिंगला जायचं हाय. मला काय हसू आलं न्हाय. ज्या घरात मानूस चहा संपवू शकत न्हाय, त्या घरात आमी जेवतो, झोपतो.

मालकास्नी तोंडी सांगितलं तर म्हनले, "लेखी द्या." हे घ्या लेखी. उत्तर बी लेखीच पायजे. फोन करू नये. फोनवर मानूस गोड बोलतो अन् ठेवला की विसरतो.

आपला,
समाधान मारकड

*

सावळाराम टॅनरी,
१५ जानेवारी

श्री. समाधान मारकड यांस,

आपला दि. ८ चा अर्ज मिळाला. सदर प्रकरणाची नोंद घेण्यात आली असून योग्य ती कार्यवाही करण्यात येईल.

वरचं वाक्य मालकांचं. इथून पुढचं माझं.

अर्ज वाचताना हसू आवरलं नाही, त्याबद्दल माफी असावी. हसू थांबल्यावर मात्र अर्ज पुन्हा वाचला. तुमचं म्हणणं खरं आहे, अगदी चपलेसकट.

आमच्याकडे शेळ्या-मेंढ्यांची कातडी येते. तिच्यावरचे केस काढायला चुना आणि सल्फाइड नावाचं रसायन वापरतात. नासक्या अंड्याचा वास सल्फाइडचा, पांढरं पाणी चुन्याचं. पुढं कातडं कुजू नये म्हणून ते मोठ्या फिरत्या ड्रममध्ये क्रोमच्या पाण्यात फिरवतात. हिरवं पाणी ते. घातलेलं सगळं क्रोम कातड्यात जिरत नाही. उरलेलं आमच्या टाकीत येतं. टाकी लहान आहे, तिला सगळं झेपत नाही, आणि जे झेपत नाही ते तुमच्याकडे येतं.

हे बदलता येईल असं माझं मत आहे. मालकांचं मत आहे की सगळीकडे असंच चालतं. त्यांच्यापुढं ठेवायला पुरावा हवा. कारखान्यातलं पाणी तपासलं जातं, पण फाटकाबाहेर गेल्यावर त्याचं काय होतं ते कुणी बघितलेलं नाही. तुम्ही ओढ्याच्या पाण्याचे नमुने द्याल का? एक वस्तीच्या वरचा, एक वस्तीपाशी, एक खालचा. बाटल्या धुतलेल्या असाव्यात आणि हातमोजे जरूर घालावेत.

आईंना तोवर त्या पाण्यातून जाऊ देऊ नका. मेंढ्यांना सांगायची गरज नाही, त्या शहाण्या दिसतात.

कळावे,
क. ज्ञा. मखरे, केमिस्ट

*

शेळगाव,
२८ जानेवारी

मखरेसाहेब यांस समाधानचा रामराम.

साहेब, खरं बोलनारा मानूस त्या फाटकाच्या आत हाय, हे वाचून मी पत्र दोनदा वाचलं अन् आईला एकदा वाचून दाखवलं. ती म्हनली, "ह्याला नोकरीवरनं काढतील बघ."

बाटल्या आमच्या गावातल्या विकीच्या दूधगाडीतनं पाठवल्यात. विकीनं हिरवी बाटली बघून विचारलं, "खसचं सरबत हाय का रं?" मी म्हनलं, आधी वास घे. त्यानं टोपन उघडलं, अन् गाडी रस्त्यातच थांबवून खाली उतरला, तो लवकर वर यायलाच तयार हुईना.

तुमाला ठाव हाय का, तुमच्या कारखान्याजवळच्या फाट्याला यष्टीत काय म्हनत्यात? वासाचा फाटा. पाटी न्हाय, शेड न्हाय. कंडक्टर बी वरडत न्हाय. झोपलेलं मानूस नाकानं जागं हुतं अन् पिशवी घिऊन उतरतं. माझा आजा मेंढरं घिऊन गावोगाव फिरायचा, तो म्हनायचा, रस्ता पायानं ओळखावा. आमच्यावर नाकानं ओळखायची पाळी आली.

साहेब, तुमचं वय काय आसंल? अक्षर जुन्या मास्तरावानी हाय. निवृत्तीला आला असाल तर भिऊ नका, खरं काय ते लिहून टाका. पेन्शन कोन खात न्हाय.

मुख्य विचारायचं राहिलं. ह्याला उपाय हाय का नुसतं निदानच?

समाधान

*

सावळाराम टॅनरी,
१२ फेब्रुवारी

श्री. समाधानराव,

उपाय आहे.

तुमच्या बाटल्यांचे आकडे मालकांपुढं ठेवले. त्यांनी कागद उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "एक ड्रम देतो. एकच. करून दाखवा." त्यांनाही घाई आहे. मे महिन्यात प्रदूषण मंडळाची माणसं तपासणीला येणार आहेत. तोवर पाणी सुधारलं नाही तर कारखान्याला कुलूप लागेल. इथल्या कामगारांत तुमच्या शेळगावचीही माणसं आहेत.

बेत असा. सल्फाइड अजिबात वापरायचं नाही. गव्हाच्या कोंड्यावर एक प्रकारची बुरशी वाढवता येते. तिच्यापासून एन्झाइम मिळतं. ते केसाच्या मुळाशी जाऊन पकड सैल करतं. मग केस विरघळत नाही, सबंध निघून येतो. वास नाही, पाण्यात घाण कमी. क्रोमचं पाणी वेगळ्या टाकीत धरायचं, त्यातलं क्रोम तळाशी बसवायचं आणि पुन्हा ड्रममध्ये वापरायचं. ओढ्याला त्याचं तोंडही दिसू द्यायचं नाही.

यासाठी दोन गोष्टी हव्यात : गिरणीतला चांगला कोंडा, आणि मीठ न लावलेली ताजी मेंढीची कातडी. बाजारात येते ती सगळी मिठातली. तुमची ओळख असेल तर मदत व्हावी. पैसे मालक देतील, तसं कबूल करून घेतलं आहे.

अक्षर वडिलांनी घटवून घेतलं. पेन्शनला अजून अवकाश आहे.

क. ज्ञा. मखरे

*

शेळगाव,
३ मार्च

(वर काय लिहायचं कळंना. "साहेब" लिहिता येत न्हाय, "ताई" लिहायला पेन वळंना. म्हनून जागा सोडलीय.)

काल मी कोंडा अन् कातडी घिऊन आलो. फाटकाच्या आत गमबूट घातलेली, डोक्याला रुमाल बांधलेली एक बाई पाइप धूत हुती. मी विचारलं, मखरेसाहेब कुठं हायत? ती म्हनली, "कामात आहेत, निरोप असेल तर सांगा."

अन् मी बसलो की सांगत! मखरेसाहेब लई भला मानूस हाय, पन एकटा दिसतोय. बायको गेलेली आसंल, न्हायतर एवढी लांब पत्रं कोन लिहितं. त्यास्नी जरा जपत जावा. जेवन वेळेवर करत न्हायत वाटतं. ती बाई मान हलवत हुती अन् म्हनत हुती, "हो, जरा विचित्रच आहेत ते." मी पायजे तेवढा वेळ बोललो. तिनं चहा दिला. मी तिला सांगितलं, साहेबास्नी बी द्या.

परत निघालो तवा वॉचमन म्हनला, "मखरे मॅडमनी लई वेळ दिला तुमाला."

मोटारसायकल चालू हुती, मी तिच्यावर हुतो, पन फाट्यापतुर कसा आलो ते आठवत न्हाय.

घरी यून दोनी पत्रं परत काढली. कुठं "लिहितो" न्हाय, कुठं "लिहिते" न्हाय! "हसू आवरलं नाही", "माझं मत आहे", "कबूल करून घेतलं आहे"! आपल्या मराठीत मानूस दोन वाक्यं बोललं की बाई का बुवा ते कळतंच. एवढं अंग चोरून चालनारं मानूस मी पयल्यांदा बघितलं. प्रतिक्षा म्हनली, "दादा, तू तिला पेन्शनचा सल्ला दिलास." तवापासनं ती मला "पेन्शन" म्हनूनच हाक मारती.

मला राग आलाय. फक्त तो कुठं बसलाय ते सापडत न्हाय. एक इचारतो. एवढी शिकलेली बाई त्या वासात कशापायी काम करती?

समाधान

*

बारामती,
१० मार्च

समाधानराव,

जय भीम.

मी करुणा. करुणा ज्ञानू मखरे. बघा, आता मी लिहिते, मी हसते, मी माफी मागते. सगळी क्रियापदं मोकळी सोडली!

पहिल्या पत्रात मुद्दाम काही केलं नव्हतं. कार्यालयात तसंच लिहायची सवय. पण तुम्ही "साहेब" लिहिलंत आणि मला ते भारी आवडलं. मी इथं रुजू झाले तेव्हा मालक मला सगळ्यांसमोर "बेटा" म्हणायचे. बेटाचा अहवाल कोण वाचणार? म्हटलं, राहू दे साहेब थोडे दिवस. फाटकापाशी मात्र खरं सांगायला हवं होतं. तोंड उघडलं की हसू येईल म्हणून पाइप धूत राहिले. तो पाइप तुम्ही यायच्या आधीच धुऊन झाला होता.

आता वाईट बातमी. प्रयोग फसला. ड्रमची खोली तापली होती आणि मी वेळ जास्त दिला. केस निघाले. कातडंही निघालं. मालकांनी ते काठीनं उचललं, तर काठीवरून ओघळून खाली गेलं. ते म्हणाले, "मॅडम, याची चप्पल करायची का कालवण?" कामगार हसले, मीही हसले, आणि खोलीवर येऊन रडले. ड्रम परत घेतलाय त्यांनी. बेटावरून मॅडमवर आले, तेवढीच बढती.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर. माझ्या आजोबांच्या वाट्याला गावातली मेलेली जनावरं ओढायचं काम होतं. छप्पन्न साली दीक्षा घेतली आणि त्यांनी ते टाकलं. गावानं बोलणं बंद केलं, तरी टाकलं. बाबा शिकले, पाटबंधारे खात्यात लागले, आता निवृत्त होऊन पळसदेवला असतात. त्यांनी मला रसायनशास्त्र शिकवलं आणि मी नोकरी धरली ती कातड्याच्या कारखान्यात. ते एवढंच म्हणाले, "ज्या दारातून माझा बाप बाहेर पडला, त्याच दारातून तू आत गेलीस." तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. मी आईशी फोनवर बोलत असले तर उठून बाहेर जातात.

मी कातडं ओढायला गेले नाही, पाणी सोडवायला गेले. पण हे मी त्यांना सांगायला गेले की माझा आवाज चढतो, त्यांचा बंद होतो. आता तर दाखवायलाही काही नाही.

तुमचा कोंडा वाया घालवला. क्षमा करा.

करुणा

*

शेळगाव,
७ एप्रिल

करुणामॅडम,

जय भीम अन् रामराम, दोनी.

ह्या पत्राला उशीर झाला, कारन मी एक काम करून बसलोय अन् ते कसं सांगायचं ह्याची जुळवाजुळव चालली हुती. जुळली न्हाय. तसंच सांगतो.

मी पळसदेवला गेलो हुतो. चिलापी मासे आनायला. खरं तर चिलापी भिगवनला बी मिळती.

तुमचं घर इचारत गेलो. बाबा ओसरीवर पेपर वाचत हुते. म्हनलं, "मी शेळगावचा समाधान मारकड. करुणामॅडमबद्दल बोलायचं हाय." त्यांनी पेपराची घडी घातली. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"बसा. शिक्षन?"

"बी.ए. झालंय."

"शेती?"

सांगितली.

"पानी?"

"कालव्याचं हाय, थोडं. मेंढ्या बी हायत."

"दारू, मटका?"

"न्हाय."

"घरी कोन कोन?"

मला वाटलं, सरकारी नोकरीतलं मानूस, सगळी नोंद घेतंय. आईंनी चहा आनला. अन् बाबा म्हनले, "आमच्यात हुंडा देत न्हाईत, घेत न्हाईत. अन् लगीन बौद्ध पद्धतीनं. तुमच्याकडं चालंल का?"

माझ्या हातातली बशी सुटली. चहा त्यांच्या पेपरावर. तसं न्हाय, माझा गैर अर्थ घिऊ नका, म्हनायला मी तोंड उघडलं. अन् मॅडम, देवाशपथ, तोंडातनं आलं, "चालंल."

आता आलंच हुतं तर मागं कसं घ्यायचं? मग मी जे सांगायला गेलो हुतो तेच भडाभडा सांगितलं. की तुमच्या पोरीनं पयल्यांदा आमाला खरं सांगितलं. की कारखान्याला कुलूप लागावं असंच मला वाटायचं, पन तिची पत्रं वाचून वाटाय लागलं की कुलपापरीस बरं कायतरी हुऊ शकतं. की तिनं आमच्या ओढ्यासाठी मालकाशी वैर घेतलंय. की ती जेवन वेळेवर करत न्हाय. (हे मी साहेबासाठी म्हनायचो, सवयीनं तोंडात आलं.)

बाबा उठले. मग म्हनले, "चला, देऊळ दाखवतो." उजनीचं पानी लई खाली गेलंय, जुनं देऊळ पार उघडं पडलंय. भेगाळलेल्या गाळातनं चालत गेलो. देऊळ बघून तसंच परत आलो. निघताना एवढंच म्हनले, "तिला सांगा, मी यीन. कधी ते सांगत न्हाय."

कोंड्याचं नवं पोतं विकीच्या गाडीत ठेवलंय. कातडी बी मिळंल. मालकाकडं परत ड्रम मागा. फसलं तर फसलं, ओढा तसा बी नासलेलाच हाय.

मी काय करू ते कळवा. लेखी कळवा, समोर आलो तर मला बोलता येनार न्हाय.

समाधान

*

बारामती,
९ एप्रिल

समाधानराव!

चालंल?? चालंल???

तुम्ही काय करून ठेवलंत! आईचा फोन आला. ती विचारतेय, "मारकड उंचीला कसे आहेत? मला बसलेले दिसले फक्त." मी काय सांगू? मी तुम्हाला पाइपच्या या टोकाकडून पाहिलंय!

कोंडा पोचला. मालकांकडे जाते आहे. घाईत लिहितेय, अक्षराला हसू नका.

करुणा

*

बारामती,
१२ मे

समाधानराव,

बसून वाचा.

मालकांनी ड्रम दिला, पण तोंडानं "देतो" म्हणाले नाहीत, किल्ली टेबलावर ठेवून बाहेर गेले. या खेपेला खोलीला ओली पोती लावली, वेळ कमी केला आणि ड्रमपाशीच ठाण मांडलं. कातडं बाहेर काढलं. मी केसावरून बोट फिरवलं, आणि समाधानराव, लोकर गोधडीसारखी सरकली! अख्खी! एका बाजूनं धरली आणि दुसऱ्या बाजूपर्यंत निघत गेली. खालचं कातडं पांढरंशुभ्र, घट्ट, एक ओरखडा नाही. कामगारांपैकी कुणीतरी शिट्टी मारली. मी ती लोकर डोक्यावर घेऊन नाचले. मालक दारात उभे होते हे मला नंतर कळलं. त्यांनी कातडं ओढून पाहिलं, चावूनही पाहिलं, आणि म्हणाले, "बाकीचे ड्रम कधी बदलताय, साहेब?"

साहेब! तोंडानं! सगळ्यांसमोर!

एकेक करून सगळे ड्रम बदलले. गेल्या आठवड्यात सल्फाइड पूर्ण बंद. आणि परवा काय झालं ऐका. सकाळची इंदापूरची यष्टी फाट्यावरून सरळ पुढं गेली. आमचे कामगार आतच. वासच आला नाही, तर जाग कशी येणार? पार पुढच्या गावात जाऊन उतरले आणि उन्हातून चालत, मला शिव्या देत, हसत परत आले. कंडक्टर म्हणाला म्हणे, आता इथं पाटी लावायला सांगा.

मंडळाची माणसं येऊन गेली. नमुने घेतले. कुलूप नाही. क्रोम वेगळं धरायची टाकी चालू झाली आहे, तळाला बसलेला हिरवा गाळ आम्ही आम्लात विरघळवून परत ड्रममध्ये वापरतो. ते त्यांनी दोनदा बघितलं. उरलेल्या कामाला मुदत दिली आहे. खोटं सांगत नाही, पाणी अजून पिण्याजोगं नाही. बाजारातल्या कातड्यांचं मीठ तसंच येतं, त्यावर मला उपाय सापडलेला नाही. पण सल्फाइड आणि क्रोम तुमच्या ओढ्यात आता जवळजवळ नाही.

आणि काल बाबा आले.

न सांगता आले. मी गमबुटात. त्यांनी हातमोजे मागितले. ड्रम, टाक्या, हिरवा गाळ, सगळं पाहिलं. शेवटी तयार कातड्यावर हात ठेवून उभे राहिले. मग म्हणाले, "माझ्या बापानं हे काम टाकलं, कारण गावानं ते त्याच्या अंगावर टाकलं होतं. तुझ्यावर कुणी टाकलेलं नाही. मला हा फरक कळायला वेळ लागला." त्यांनीच माझा रुमाल सोडून माझे डोळे पुसले. त्याला चुना लागलेला होता, त्यामुळे आणखीच पाणी आलं, आणि मग आम्ही दोघं हसत सुटलो.

जेवताना मी धीर करून म्हटलं, बाबा, त्या मारकडांचं काही मनावर घेऊ नका, ते मागणी घालायला आले नव्हते. बाबा म्हणाले, "मला पहिल्या मिनिटाला कळलं होतं. तुझी बाजू मांडायला आला होता तो. पण शिक्षण विचारल्यावर त्याला जो घाम फुटला, तो बघून मला राहवेना. म्हटलं, अजून थोडं विचारू."

माझे बाबा! ज्यांना मी जन्मात थट्टा करताना पाहिलं नाही!

तेव्हा तुम्ही मोकळे आहात. तुमचं "चालंल" बाबांनी धरलेलं नाही.

करुणा

*

शेळगाव,
१६ मे

करुणा,

(मॅडम काढून टाकलं. पुढं जे लिहायचंय त्याला ते आडवं येत हुतं.)

तुमचे बाबा धन्य हायत. मी महिनाभर झोपलो न्हाय अन् ते तिकडं गालात हसत हुते!

तुमी लिहिलं, मी मोकळा हाय. ते वाचलं, पन मोकळं हुऊन मला काय बरं वाटलं न्हाय. दोन दिवस मक्यात फिरलो. प्रतिक्षाचा नर्सिंगचा फॉर्म भरून आलो. येताना फाट्यावर उतरलो, मोकळा श्वास घेतला, अन् ठरवलं.

त्यांनी धरलं नसंल, पन मी सोडलेलं न्हाय. पळसदेवात तोंडातनं आलं ते चुकून आलं, पन खोटं आलं न्हाय. तुमाला इचारतो. तुमच्या बाबास्नी न्हाय, तुमाला. माझ्याशी लगीन करशीला का? नोकरी तुमची तुमी करायची. मिठाचं काम राहिलंय म्हनताय, ते बी तुमीच करायचं.

आईला सांगितलं. लपवत न्हाय, ती आधी कचरली. म्हनली, "गाव काय म्हनंल, भावकी काय म्हनंल." चुलत्यांनी तर घर डोक्यावर घेतलं, अजून बोलत न्हायत. मी म्हनलं, आई, पाहुने नाक धरून पळाले तवा भावकीतलं कोन ओढ्यावर आलं हुतं? ती उठून मेंढ्यांकडं गेली. सांजच्याला परत आली अन् म्हनली, "पोरीला काय आवडतं खायला?" आता एवढ्यावर मी किती उड्या माराव्यात ते सांगा. मारल्या.

न्हाय म्हनलात तरी कोंडा पाठवत राहीन.

समाधान

*

बारामती,
१९ मे

समाधान,

(राव मीही काढलं.)

तुमचं पत्र मी ड्रमच्या खोलीत उभ्यानं वाचलं. मग टाकीपाशी वाचलं. मग मालकांच्या टेबलावर विसरले, आणि ते माझ्या हातात परत देताना मालक म्हणाले, "मी काही वाचलं नाही, पण तो मुलगा बरा आहे."

चुलत्यांचं वाचून वाईट वाटलं. ते आज ना उद्या बोलतील, नाहीतर नाही बोलणार. बोलले नाहीत तर काय करायचं ते आपण दोघं मिळून बघू. "आपण दोघं" लिहून मी पेन खाली ठेवलं आणि खोलीत एक फेरी मारून आले.

आईंना सांगा, मला हुलग्याचं माडगं आवडतं, आणि मला स्वयंपाक बेताचा येतो. दोन्ही आधीच कळलेलं बरं.

आता माझं ऐका. इतके महिने मी ओढ्याचं पाणी बाटल्यांमधून पाहिलं. फाटकाबाहेर ओढा कुठं वळतो, कुणाच्या बांधाला लागतो, मला ठाऊक नाही. रविवारी सकाळी मी आणि बाबा कारखान्यापासून ओढ्याच्या काठानं खाली चालत येणार आहोत. बाबांनी नवे बूट घेतलेत, चामड्याचे, आणि दुकानदाराला विचारलं म्हणे, हे कुठल्या पाण्यात केलेत?

तुम्ही आईंना आणि प्रतिक्षाला घेऊन खालून वर या. मध्ये जिथं गाठ पडेल तिथं मी उत्तर देईन. उत्तर हो आहे. पण मला ते तुमच्या तोंडासमोर म्हणायचंय आणि तुमचा चेहरा बघायचाय, म्हणून मागचं वाक्य तुम्ही वाचलेलं नाही.

करुणा